मुसळ उसळतं तेव्हा हात कोण उचलतं?

उखळात मुसळ आदळतं आणि उसळी घेऊन जरासं वर येतं. मूठ घट्ट असेल, तर मुसळाबरोबर हातही वर जातो. कांडणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणेल, मीच कांडतेय की, दुसरं कोण? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वैशेषिक सूत्रं रचणाऱ्या कणादांचं मात्र एवढ्यावर समाधान झालं नाही. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच त्यांनी हे मुसळ हातात घेतलं आहे.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी. हात हलतो, कारण आत्म्याशी त्याचा संयोग आहे आणि मागे प्रयत्न आहे. मुसळ हलतं, कारण त्याचा हाताशी संयोग आहे. इथवर सगळं सरळ. पण उखळावर आपटून मुसळ जे उसळतं, त्याचं कारण हात नव्हे. ते काम आघाताचं, शास्त्राच्या भाषेत अभिघाताचं. मग त्या उसळीबरोबर वर गेलेल्या हाताचं काय? कणादांचं उत्तर सडेतोड आहे: हाताच्या त्या हालचालीला आत्म्याचा प्रयत्न कारण नाही. हात तिचा, खांदा तिचा, घाम तिचा. पण वर जाण्याचा तेवढा भाग तिचा नाही, मुसळाचा आहे.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. पुढच्या सूत्रांत कणाद तान्ह्या मुलाच्या हातपाय हलवण्याकडे वळतात, आणि अशा हालचालींतून पाप-पुण्य जमा होत नाही, असा त्याचा अर्थ टीकाकार लावतात. कोणती हालचाल माझी, हे ठरल्याशिवाय कोणतं कर्म माझं हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय जबाबदारी, प्रायश्चित्त, मोक्ष यांतलं काहीच जागेवर बसत नाही. विसाव्या शतकात विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञाने हाच प्रश्न वजाबाकीच्या रूपात मांडला: हात वर करणं आणि हात वर जाणं यांत फरक नेमका कशाचा? त्याच्या मृत्यूनंतर 1953 साली छापल्या गेलेल्या पुस्तकातल्या त्या एका वाक्यावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले. कणादांचं मुसळ त्या मानाने उपेक्षितच राहिलं.

गंमत अशी, की हा प्रश्न आज सर्वांत जास्त वेळा सोडवला जातो तो मठात किंवा विद्यापीठात नाही, तर इस्पितळाच्या एका लांबट खोलीत. तिथे टेबलावर तांब्या, वाटी, कपड्यांच्या पिना, कुलूप-किल्ली, बटणांची पट्टी असं सामान मांडलेलं असतं आणि समोर एक माणूस आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघत बसलेला असतो.

आधी त्या हाताचा हिशेब पाहू.

कोपर दुमडणारा दंडाचा स्नायू, पोरं बेटकुळी म्हणून दाखवतात तो, कोपराच्या सांध्यापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो. तळहात त्याच सांध्यापासून सुमारे 35 सेंटिमीटरवर. कोपर काटकोनात ठेवून एक किलोचा तांब्या धरला, तर त्या तांब्यासाठीच स्नायूला सात-आठ किलोंच्या तोलामोलाची ओढ लावावी लागते. हाताचं स्वतःचं वजन निराळं. तरफेचा हा सौदा वरवर आतबट्ट्याचा आहे. पण त्या बदल्यात स्नायू एक सेंटिमीटर आखडला, की तळहात सात-आठ सेंटिमीटर फिरतो. शरीराने बळ खर्चून पल्ला आणि वेग विकत घेतला आहे. ओझी वाहण्यासाठी हे यंत्र बेताचंच. घास तोंडाशी न्यायला, दगड भिरकावायला, लिहायला मात्र उत्तम.

आता तोच तांब्या हळूच खाली ठेवायचा. कोपर उलगडतो, म्हणजे काम दंडाच्या मागच्या स्नायूने केलं असणार, असं कुणीही म्हणेल. तसं नसतं. खाली नेण्याचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं. पुढचाच स्नायू ताण धरून, लांब होत होत, त्याला आवर घालत असतो. विहिरीत घागर सोडताना दोर हातातून सरकू द्यावा, तसा. तांब्या कुणी खाली ठेवला, या प्रश्नाचं यंत्रशास्त्रातलं उत्तर असं निघतं, की पृथ्वीने ओढला आणि माणसाने तो आदळू दिला नाही. कणादांनी हेही पाहिलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता. त्यांनी कर्माचे पाच प्रकार सांगितले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. त्यांतलं आकुंचन आजही शाळेच्या विज्ञानात स्नायूला चिकटून आहे. मात्र एक घोटाळा आहे. कणादांचं आकुंचन म्हणजे सरळ असलेली वस्तू वाकणं, आणि शाळेतलं म्हणजे स्नायू आखडणं. मागचा स्नायू आकुंचन पावला की कोपराचं प्रसारण होतं! परीक्षेत मुलांचा गोंधळ उडतो तो काही उगाच नाही.

हे झालं एका सांध्याचं. खांदा, कोपर, मनगट आणि बोटं मिळून हाताला हालचालीच्या इतक्या वाटा मोकळ्या असतात, की एकाच ठिकाणी पोचण्याचे अगणित मार्ग निघतात. 1920च्या दशकात मॉस्कोच्या श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन हा तरुण शास्त्रज्ञ कामगारांच्या घणाच्या घावांची छायाचित्रं घेऊन त्यांचं मोजमाप करत होता. त्याला जे दिसलं ते आजही चकित करतं. कसलेल्या कामगाराचा घण दरवेळी ऐन जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग दर घावाला थोडा वेगळा होता. सांधे एकमेकांच्या चुका सांभाळून घेत होते. म्हणजे पक्कं ठरलेलं काय होतं? स्नायूंचा हुकूमनामा नव्हे. ठरलेलं होतं ते घणाचं पडणं. त्याआधी 1903 साली लंडनच्या चार्ल्स बीव्हर यांनीही मेंदूबद्दल असंच काही सुचवलं होतं: मेंदूला स्नायू कळत नाहीत, हालचाली कळतात. बर्नस्टाइनचा घण त्याच्याही पुढे जातो. मेंदूला बहुधा हालचालींपेक्षाही कामं जास्त कळतात.

हात उचलण्याआधी आणखी एक गोष्ट घडते, जी कुणाच्या ध्यानातही येत नाही. उभ्या माणसाने हात झटकन पुढे उचलला, तर खांद्याच्या स्नायूआधी काही सहस्रांश सेकंद मांडीच्या मागचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले असतात. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार, म्हणून बूड आधी सावरलं जातं. 1967 साली सोव्हिएत संशोधकांनी हे विद्युत्‌नोंदींवरून दाखवून दिलं. हाताचा उपचार करायला आलेल्या माणसाचे पाय थेरपिस्ट आधी जमिनीला टेकवते, कंबर सरळ करते, खुर्चीची उंची बघते, त्याचं कारण हेच. नातेवाइकांना वाटतं, हात बिघडलाय आणि ही बाई खुर्चीशी काय खेळतेय!

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर असं सांगतात, करण म्हणजे इंद्रियं, आणि दैव म्हणजे त्या त्या इंद्रियाची देवता. परंपरेने हाताचा कारभार इंद्राकडे सोपवला आहे, पायाचा विष्णूकडे. ज्ञानेश्वरीतही या पाचांचा विस्तार आहे. प्रवचनात ही यादी सहसा भरभर उरकली जाते, कारण श्रोत्यांचं लक्ष पुढच्या श्लोकांकडे असतं. पण शरीरविज्ञानाच्या दृष्टीने पाहिलं तर यादीची सुरुवात अधिष्ठानाने होते, यात मोठी सूक्ष्मता आहे. कर्ता दुसरा आहे. आधी बूड, मग मी.

आणि या यादीत कर्ता हा पाचांतला एक आहे. पाश्चात्त्य विचारात देकार्तनंतर जे चित्र रुजलं, त्यात शरीर हे यंत्र आणि आत बसून ते चालवणारं मन वेगळं. ते चित्र इतकं सोयीचं आहे, की आपणही गाडी आणि ड्रायव्हरचा दाखला देत आत्म्याबद्दल बोलतो. पण बर्नस्टाइनच्या कामगाराला तो ड्रायव्हर लागू पडत नाही. सांधे आपापसात जे सांभाळून घेतात, त्याची ड्रायव्हरला खबरही नसते. पाच कारणांची यादी या बाबतीत देकार्तपेक्षा वास्तवाच्या जास्त जवळची आहे.

त्या लांबट खोलीकडे परत यायचं, तर तिच्या दारावरच्या पाटीपासूनच गोंधळ सुरू होतो. इस्पितळात ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. इथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. तिला व्यवसायोपचार हा मराठी शब्द आहे, पण तो ऐकून काहींना वाटतं की इथे रोग्याला धंद्याला लावून देतात. इथला व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सगळी कामं: दात घासणं, साडी नेसणं, पोळी लाटणं, हिशेब लिहिणं, पूजा करणं. भारतात याचं पहिलं विद्यालय 1950 साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. त्या मूळच्या अमेरिकन, क्वेकर कुटुंबातल्या एलिझाबेथ लुंडी. लग्नानंतर इथल्याच झाल्या. 1952 साली या उपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रयत्नांतून.

त्यांचं क्वेकर असणं इथे महत्त्वाचं आहे. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, असं हा ख्रिस्ती पंथ मानतो. त्याच श्रद्धेतून 1796 साली इंग्लंडमध्ये यॉर्क इथे विल्यम ट्यूकने मनोरुग्णांसाठी एक घर उघडलं. एरवी साखळदंडांत ठेवले जाणारे रुग्ण तिथे बागकाम आणि शिवणकाम करू लागले. कामाने माणूस माणसात येतो, ही कल्पना तिथे औषध म्हणून वापरली गेली, आणि आजच्या व्यवसायोपचाराची एक मुळी त्या बागेत जाते. म्हणजे या विद्येच्या पोटात पहिल्यापासूनच एक धार्मिक विधान दडलेलं आहे.

माणूस कामातून ओळखण्याच्या या कल्पनेच्या आपल्याकडे सर्वांत जवळ जातात ते नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे. न्यायसूत्रांत गौतमांनी शरीराची जी व्याख्या केली, तिच्यात हाडं-मांस नाही. चेष्टा, इंद्रियं आणि अर्थ यांचा जो आश्रय, ते शरीर. आजच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, पण भाष्यकार वात्स्यायनांच्या लेखी चेष्टा म्हणजे हवं ते मिळवण्यासाठी किंवा नको ते टाळण्यासाठी केलेली हालचाल. वाऱ्याने फांदी हलते ती क्रिया, पाण्यासाठी हात पुढे होतो ती चेष्टा. पक्षाघात झालेल्या रुग्णाला नुसतं हात पुढे करा म्हटलं, तर हात अडखळत जातो. समोर पाण्याचा पेला ठेवला, तर पुष्कळदा तोच हात जास्त सरळ आणि सफाईने जातो. स्नायू तेच, सांधे तेच. फरक फक्त अर्थाचा.

याहून विलक्षण उदाहरण क्रियालोपाचं, ज्याला अॅप्रॅक्सिया म्हणतात. 1900 साली जर्मनीत ह्युगो लीपमान यांनी एका सरकारी अधिकाऱ्याच्या आजाराचं वर्णन करून या विकाराचा पाया घातला. यात हाताला बळ असतं, सूचना समजते, तरी सांगितलेली कृती जमत नाही. अशा रुग्णाला नमस्कार करून दाखवा म्हटलं, तर तो हातांकडे बघत राहतो, एक हात कपाळाकडे, दुसरा गुडघ्यावर. आणि थोड्या वेळाने ओळखीचं कुणी वडीलधारं खोलीत आलं, की तेच दोन हात छातीशी नीट जुळतात. हुकमी नमस्कार गेला, आपसूक नमस्कार शाबूत. आता धर्माच्या दृष्टीने खरा नमस्कार कोणता? संकल्प सोडून, ठरवून केलेलंच कर्म पूर्ण, असं मानणाऱ्यांना हा माणूस कोड्यात टाकेल. भक्तिमार्गाला कदाचित टाकणार नाही.

प्रयोगशाळेतही मुक्त इच्छेचा निकाल लावण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न झाला. 1983 साली बेंजामिन लिबेट यांनी दाखवलं, की बोट किंवा मनगट हलवण्याची इच्छा जाणवण्याआधीच, सुमारे एक तृतीयांश सेकंद अगोदर, मेंदूत तयारीचे विद्युत्‌संकेत सुरू झालेले असतात. यावरून इच्छा हा भ्रमच, असा डंका पिटला गेला. पण त्या प्रयोगातल्या लोकांना काय करायला सांगितलं होतं? कारण नसताना, मनात येईल तेव्हा हात हलवायचा. वात्स्यायनांच्या मोजपट्टीवर ती चेष्टाच ठरत नाही. मुसळाची उसळी मोजून कांडणाऱ्या बाईबद्दल निकाल द्यावा, तसं ते झालं.

तरी हालचाल आणि कर्ता यांची गाठ सर्वांत अवघड होते ती एका विशिष्ट दुखापतीत. मानेत सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली, तर मनगट वर उचलणारे स्नायू वाचतात, पण बोटं मिटणारे निकामी होतात. बोटांत स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच; ती हलतात ती कोपराखालून आलेल्या दोऱ्यांनी, म्हणजे कंडरांनी, कळसूत्री बाहुलीसारखी. या कंडरा मनगटावरून जातात. त्यामुळे मनगट वर उचललं, की त्या आपोआप ताणल्या जातात आणि लुळी बोटं मिटतात. अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट खाली सोडलं, की बोटं उघडतात. निरोगी वाचकालाही हात सैल सोडून हे करून पाहता येईल. या पकडीवर माणूस कागद उचलतो, चमचा धरतो, मोबाइल उचलतो. म्हणून थेरपिस्ट त्या कंडरा मुद्दाम किंचित आखूड राहू देते आणि घरच्यांना बजावते, की मनगट आणि बोटं एकाच वेळी सरळ ताणू नका. मायेपोटी रोज बोटं ओढून सरळ करणारी आई नकळत आपल्याच मुलाची पकड घालवून बसते.

इथे पकडलं कुणी? बोटं मिटवण्याचा प्रयत्न शून्य. कणादांच्या काटेकोर हिशेबात हे मिटणं मुसळाच्या उसळीच्याच रकान्यात जाईल. पण चमचा धरला तो त्या मुलाने, यात कुणालाच शंका नसते. कणादांचा हिशेब एकेका हालचालीचा आहे, आणि एकेकट्या हालचालीत कर्ता शोधला तर तो हाती लागत नाही. चमच्यापासून ताटापर्यंतचं अख्खं काम डोळ्यांपुढे ठेवलं तर लागतो.

स्नायूंना स्वधर्म असतो का, हाही एक गमतीचा प्रश्न. वेल्लोरला 1940च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. नस मेलेल्या स्नायूचं काम ते शेजारच्या निरोगी स्नायूची कंडरा वळवून त्याच्याकडे सोपवत. एका कामासाठी जन्मलेला स्नायू दुसरं काम शिके. परधर्म भयावह असतो हे स्नायूंना कुणी सांगितलेलं नसावं. मात्र ब्रँड यांनीच लिहून ठेवलं आहे, की सरळ झालेल्या हातांनी काहींची भीक बंद झाली, कारण असा हात पाहून कुणी दया करेना. मग हातांना काम शिकवायला वेगळी कर्मशाळा काढावी लागली.

शेवटचा पेच वेदान्ताचा. मी कर्ता, हा अभिमान सोडा, असं सगळे संत सांगतात. आणि थेरपिस्ट महिनोन्‌महिने खपते ती रुग्णाने मी केलं असं म्हणावं म्हणून. ती अहंकार वाढवते आहे का? पाच कारणांच्या श्लोकांनंतर गीता ज्याला दुर्मती म्हणते, तो केवळ आत्म्यालाच कर्ता समजणारा. टीकाकार या केवळचे अर्थ वेगवेगळे लावतात. शंकराचार्यांना तिथे शुद्ध, अलिप्त आत्मा दिसतो. पण साधा अर्थ घेतला, तर दोष एकट्यावर सगळं कर्तेपण लादण्याचा आहे. मी एकट्याने केलं, हे यंत्रशास्त्रातही खोटंच आहे. खुर्ची, पृथ्वी, कंडरा, तांब्याचा आकार, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण पक्षाघातानंतर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. हात थोडा हलत असूनही वापरतच नाही, आणि न वापरल्याने तो हात त्याच्या हिशेबातूनच निघून जातो. माझ्याने काहीच होत नाही, ही निरहंकारिता नव्हे. जे हाती आलंच नाही त्याचा त्याग करता येत नाही, एवढं तरी कोणताही संन्यासी मान्य करील.

अशा वेळी खोलीतल्या टेबलावर एक खलबत्ता येतो. समजा, समोर एक आजी आहे, उजवा हात कमजोर. तिला सांगितलंय, भाजलेले शेंगदाणे कुटा. डावा हात वरून धरतो, उजवा बत्त्याभोवती कसाबसा मिटलेला. पहिले चार ठोके नुसते शेंगदाण्यांत रुततात. कूट खाली सरून बत्ता लोखंडाच्या तळाला लागला, की उसळी मिळते, आणि खांद्याला जे उचलवत नव्हतं त्यातलं थोडं त्या उसळीने उचललं जातं. कणादांच्या हिशेबात ते तिचं नाही. ती मात्र कुटत राहते. मग थांबते, खलात बघते आणि कूट पुरेसं बारीक झालंय का हे पाहायला चिमूटभर बोटांत घेऊन चोळते. उजव्या हाताच्या बोटांत. ते कुणी सांगितलेलं नसतं.